किडनी बंद, तरी डोस पूर्ण?

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांत एक कुजबुज हमखास ऐकू येते: "किडन्या बंद पडल्यात, तरी एवढी अँटिबायोटिक्स कशाला देतायत?"

गैरसमज : किडनी निकामी झाली की डोस कमीच हवा.

वस्तुस्थिती : पहिला डोस सहसा कमी करत नाहीत. औषध शरीरातल्या किती पाण्यात पसरणार, यावर तो ठरतो. आणि सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या) रुग्णाचं अंग तर सलाइनने सुजलेलं असतं, म्हणजे पाणी आणखी जास्त. पुढचे डोस किडनी पाहून घटवतात, हे खरं. पण डायलिसिस लागलं की हिशेब पुन्हा फिरतो. पाण्यात विरघळणारं आणि रक्तातल्या प्रथिनांना फारसं न चिकटणारं मेरोपेनेम हे अँटिबायोटिक युरियाबरोबर गाळणीतून निघून जातं. प्रथिनांना घट्ट धरून बसणारं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मात्र फारसं जात नाही. शिवाय चोवीस तास संथ चालणारं सीआरआरटी, काही तासांचं स्लेड आणि चार तासांचं नेहमीचं डायलिसिस, तिन्हींचे डोस वेगळे. मेरोपेनेम देऊन लगेच नेहमीचं डायलिसिस लावलं, तर बरंचसं औषध वाया! म्हणून ते डायलिसिस संपल्यावर देतात.

गैरसमज : एक्मो रक्तात फक्त ऑक्सिजन मिसळतं, औषधाशी त्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती : एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र. त्याच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर काही औषधं शोषून घेतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रुग्णाशिवाय, नुसतं रक्त खेळवलेल्या एक्मो सर्किटमध्ये औषधं सोडून पाहिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: २४ तासांनी वेदनाशामक फेंटानिल उरलं सुमारे ३ टक्के, झोपेचं औषध मिडाझोलाम १३ टक्के. मॉर्फिन जवळपास होतं तेवढंच. चरबीत सहज विरघळणारी औषधं प्लास्टिकला चिकटतात, त्याचा हा परिणाम. म्हणून झोपेच्या औषधाचा डोस वाढवावा लागला, तर रुग्णाला "सवय लागली" असं समजू नये.

मग एक्मोवर सगळंच दुप्पट द्यायचं का? मुळीच नाही. बहुतेक अँटिबायोटिक्सची रक्तातली पातळी एक्मोवरच्या आणि इतर अत्यवस्थ रुग्णांत साधारण सारखीच आढळली आहे.

व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकची पातळी रक्त तपासून कळते. फेंटानिलची तशी तपासणी रोज होत नाही. तिथे रुग्णाची वेदना, श्वास आणि गुंगी पाहूनच पंपाचा वेग ठरतो. तेव्हा डोस रोज बदलताना दिसला तर घाबरू नका. यंत्र लागलं किंवा निघालं आणि डोस तोच राहिला, तर मात्र राउंडच्या वेळी डॉक्टरांना जरूर विचारा.