जे. जे.मधील ग्लिसरॉल आणि न झालेली तपासणी

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरॉल दिले होते. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरले जाणारे द्रावक निघाले. रुग्णांची मूत्रपिंडे त्यानेच निकामी केली.

दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि चवीला गोड असतात. वॉर्डातल्या सिस्टर कितीही दक्ष असोत, औषध पाजताना त्यांना हा फरक ओळखता येणे शक्यच नव्हते. तो प्रयोगशाळेतच कळतो. रुग्णसुरक्षेचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो. इजा खाटेवर होते. पण ती टाळण्याची संधी बहुधा त्याआधी, औषधभांडारात, खरेदी विभागात किंवा कारखान्यात हुकलेली असते.

सरकारने न्या. बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. औद्योगिक वापराचे ग्लिसरॉल रुग्णांपर्यंत कसे पोहोचले, याचा माग घेत आयोग पुरवठादारापासून रुग्णालयाच्या खरेदीपर्यंत आणि अन्न व औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत गेला. अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. दोषींना शिक्षा व्हायलाच हवी. पण एवढ्या टप्प्यांतून जाताना तो माल एकदाही अडला नाही, हे दुखणे माणसे बदलून जात नाही.

हेच विष १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या पातळ औषधातून शंभराहून अधिक जणांच्या पोटात गेले होते. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि नवे औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचे दाखवणे उत्पादकाला बंधनकारक ठरले. आपल्याकडे २०२५मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधाने २०हून अधिक मुलांचा बळी घेतला. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्या औषधातही डायइथिलीन ग्लायकॉलच होते, आणि तेही ४८.६ टक्के. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे.

उपाय अवघड नाहीत. उत्पादकाने कच्च्या मालाचे प्रत्येक पिंप तपासावे. चाचणीचा निकाल हाती येईपर्यंत रुग्णालयाने नवा साठा वेगळा ठेवावा. केसपेपरवर औषधाच्या नावासोबत बॅच क्रमांक लिहावा, म्हणजे दोन-तीन रुग्णांची लघवी अचानक बंद झाली, तर त्यांना दिलेले समान औषध तासाभरात सापडेल. आणि शंका आलेल्या निवासी डॉक्टरला किंवा सिस्टरला वरिष्ठांच्या रोषाची भीती न बाळगता वापर थांबवता यावा.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०पासून सुरू आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाचे नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात. हा क्रमांक प्रत्येक वॉर्डात ठळकपणे लावायला हवा.

सरकारी खरेदीत सर्वांत कमी दराची निविदा जिंकते. त्या दरात स्वतंत्र चाचणीचा खर्च धरलेला नसेल, तर ती बचत रुग्णाच्या जिवावर केलेली असते. औषधाची किंमत ठरवतानाच तपासणीची किंमत धरा, आणि तिचा निकाल सर्वांना पाहता येईल असा जाहीर करा. नागरिक म्हणून आपण ही मागणी लावून धरली पाहिजे.