शुक्रवारची जे भाषा

शुक्रवारी भिवंडीत माग बंद असतात. बोललेलं ऐकू येण्याचा दिवस तो एवढाच. म्हणून कामतघरला मित्राच्या कारखान्याच्या माडीवर आम्ही पाच जण शुक्रवारी संध्याकाळी बसतो, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला.

पहिला प्रयत्न फसला. एकाने प्रोलॉग घेतली, दुसऱ्याने फोर्थ, तिसरीने हॅस्केल. कुणी अडलं की मदतीला कुणीच नाही. मग ठरवलं: तीन महिने सगळ्यांची एकच भाषा, आणि पहिला अर्धा तास फक्त कागद.

निवडली जे. केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ च्या पुस्तकातून आधी एपीएल ही भाषा आली. तिची खास चिन्हं नेहमीच्या कीबोर्डवर नव्हती. १९९० मध्ये त्यांनी रॉजर हुई यांच्यासोबत जे केली, ती साध्या कीबोर्डवर लिहिता येते. सरासरी काढायची तर +/ % # एवढंच: बेरीज, भागिले, किती आकडे. चार मागांचं दिवसाचं कापड ४०, ४५, ३८ आणि ३७ मीटर, उत्तर ४०. हिशेब उजवीकडून सुरू होतो, म्हणून ३ गुणिले २ अधिक १ म्हणजे इथे ९. यावर आम्ही अख्खा शुक्रवार घालवला. उर्दू शाळेत शिकलेली मैत्रीण मात्र जराही गडबडली नाही.

खरी भाषा कळली ती डॉबीमुळे, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्रणेमुळे. डॉबीच्या लाकडी पट्ट्यांवर खुंट्या ठोकतात. जिथे खुंटी, तिथली फ्रेम उचलली जाते आणि ताण्याच्या त्या धाग्यांखालून धोटा जातो. आमच्यातल्या एकाचे वडील जॉबर आहेत, माग लावून देणारे, दुरुस्त करणारे. त्यांनी चौकटीच्या कागदावर ट्विलच्या, म्हणजे तिरप्या रेघेच्या विणीच्या, खुंट्या मांडून दिल्या: १ १ ० ०, खाली ० १ १ ०, मग ० ० १ १, मग १ ० ० १. आधीची ओळ उजवीकडे एक घर सरकवली की पुढची ओळ तयार! जेमध्ये सरकवायचं चिन्ह |. आहे, उजवीकडे सरकवायचं तर आकड्याआधी उणेचं चिन्ह. एक ओळ दिली, उरलेल्या तिन्ही आपोआप आल्या.

या भाषेवर नोकरी मिळेल का, असं घरी विचारतात. इथे मिळणार नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकलंय. पण आकड्यांच्या अख्ख्या तक्त्याकडे एकदम बघायची सवय मला पायथॉनच्या चार वर्षांत लागली नव्हती, ती या माडीवर लागली.

मागच्या शुक्रवारी जॉबरकाका स्वतः वर आले. स्क्रीनवरची तिरपी रेघ बोटाने तपासली नि म्हणाले, “आता दुसऱ्या बाजूला वळवा.” मैत्रिणीने उणेचं चिन्ह खोडलं. रेघ वळली. काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि खुंट्या उतरवून घ्यायला कागद मागितला.