दुरुस्तींतलें घर आणि विमा

मक्तेदार न नेमतां, गवंडी-सुतार आपणच लावून घर दुरुस्त करूं इच्छिणाऱ्या गृहस्थानें पहिली कुदळ पडण्यापूर्वीं विमा कंपनीस लेखी कळवावें. भारतांत १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेला ‘भारत गृह रक्षा’ हा विमा आग, पूर, भूकंप यांनीं झालेली हानि भरून देतो. परंतु बांधकाम वा खोदकाम यांमुळें जमीन खचून भिंत कोसळली, तर देत नाहीं. विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर नव्हे, तर बांधणीच्या खर्चावर ठरते. म्हणून खोली वाढली कीं रक्कमही वाढवून घ्यावी. परांचीवरून मजूर पडला, तर त्याच्या संसाराला हा विमा उपयोगी पडत नाहीं. मक्तेदार नसल्यानें ती जबाबदारी धन्यावरच येऊं शकते. तेव्हां मजुरांचा विमा निराळा उतरवावा.