गॅस गिझर पेटत नाही? आधी पाणी बघा

पलूस भागात तांब्याचे बंब अजून दिसतात. चिपाडं घालायची, पेटवायचं. नाही पेटलं तर का ते डोळ्यांना दिसतं. गॅस गिझरच्या पत्र्याच्या पेटीत काय चाललंय ते कळत नाही. त्यामुळे ऐन थंडीत तो रुसला की पहिला संशय सिलिंडरवर जातो. पण गिझरला पेटायचा हुकूम पाणी देतं, तेव्हा शोधही तिथूनच सुरू करावा.

नळ सोडला की पाण्याचा जोर आतल्या रबरी पडद्यावर येतो. पडदा सरकतो, त्याची पिन एक छोटा स्विच चालू करते. मग दीड-दीड व्होल्टच्या दोन मोठ्या सेलवर चालणारं सर्किट टिकटिक ठिणगी पाडतं आणि गॅसची झडप उघडतं. ज्योत लागली की तिच्यात उभी असलेली एक बारीक सळई सर्किटला तसं कळवते. हा निरोप काही सेकंदांत आला नाही, तर झडप मिटते.

म्हणून नळ सोडा आणि कान द्या.

टिकटिक अजिबात नसेल, तर पाणी कमी पडतंय किंवा सेल संपलेत. इथे टाकीची उंची मोजावीच. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक किलो दाब. पंपांची किर्लोस्करवाडी 1910 पासून शेजारी असलेल्या माणसाला ही उंची, म्हणजे ‘हेड’, वेगळी समजावायला नको. गिझरला साधारण पाव किलो दाब लागतो, म्हणजे टाकीचा तळ त्याच्यावर अडीच-तीन मीटर तरी हवा. वरच्या मजल्यावर बाथरूम आणि लगेच स्लॅबवर टाकी असेल, तर गणित तिथंच चुकतं. शॉवरवर पेटत नाही पण बादलीच्या नळावर पेटतो, असं झालं तर दाबच कमी आहे असं समजा. टाकी जुनीच असून पूर्वी नीट चालत असेल, तर पाणी आत येतं तिथली जाळी काढून धुवा. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी वापरत असाल, तर जाळीवर पांढरा थर सापडेलच.

टिकटिक आहे पण ज्योत नाही? आता गॅसकडे वळा. रेग्युलेटर, कॉक, पिळलेली नळी बघा. नुकताच सिलिंडर बदलला असेल, तर नळीत हवा असते. दोन-तीन वेळा, मध्ये थांबून, नळ सोडावा लागतो. गिझर शेगडीच्या पाच-सहा बर्नरांइतका गॅस खातो, म्हणून स्वयंपाकघरात ज्योत बरी दिसली तरी त्याला गॅस पुरतोच असं नाही. आणखी एक फसवणूक: सेल अर्धे संपले की ठिणगी पडते, पण झडप उघडायला ताकद उरत नाही. मिस्त्रीला फोन करण्याआधी दोन्ही सेल एकदम नवे घाला.

पेटून काही सेकंदांत विझत असेल, तर बहुधा त्या सळईवर काजळी किंवा राप बसलाय. सेल काढून, गॅस बंद करून, गार झाल्यावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला की भागतं. वीसेक मिनिटांनी आपोआप बंद पडला, तर काळजी नको. बऱ्याच मॉडेलांत तशी सोयच असते.

झडप किंवा बर्नर मात्र घरी उघडू नये. गॅसचा वास आला तर बटणांना हात न लावता सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन 1906 वर फोन करा.

ज्योत पिवळी दिसली तर गिझर लगेच बंद करा. अपुऱ्या हवेत किंवा घाण साचलेल्या बर्नरवर गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गिझर आत असेल, तर तो बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत घ्या आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप आणा. दुरुस्तीला माणूस येणारच असेल, तर त्याच्याकडून आधी हे काम करून घ्या.