झरोक्यांची रांग

एअर इंडियाचं बोधचिन्ह कोणतं, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी महाराजा येतो. तो बोधचिन्ह नव्हताच. १९४६ साली बॉबी कुका आणि चित्रकार उमेश राव यांनी मुंबईत तो घडवला, जाहिरातीच्या कामासाठी. विमानाच्या शेपटीवर होता धनुर्धारी नराश्व, म्हणजे सेंटॉर. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण झालं, लाल हंस आला आणि इंडियनचं कोणार्क चक्र त्याच्या पोटात बसवलं गेलं. दोन कंपन्यांची तडजोडच शेपटीवर रंगवली, दुसरं काय!

या कंपनीची खरी ओळख मात्र खिडक्यांच्या रांगेत होती. १९७१ मध्ये पहिलं बोइंग ७४७ 'एम्परर अशोक' आलं, तेव्हा त्याच्या खिडक्यांभोवती लाल कमानदार झरोके काढलेले होते. विमानाच्या खिडकीचा आकार अभियंता ठरवतो, तिथे चित्रकाराची मात्रा चालत नाही. इथे त्यानं खिडकीला हात न लावता नुसती कडेनं रेघ ओढली, माथ्याला टोक दिलं आणि अमेरिकेत बनलेलं यंत्र राजस्थानी महालाची भिंत झालं. एकटा झरोका कोणाच्या लक्षात राहिला नसता. नाकापासून शेपटीपर्यंत गेलेली रांग राहिली. नाव पुसलं तरी विमान कोणाचं ते कळत होतं. बोधचिन्हानं याहून वेगळं काय करायचं असतं?

यावर कोणी म्हणेल, ही सजावट झाली. तिकिटाच्या कोपऱ्यात ती कशी छापणार? शिवाय राजवाड्यांचा हा देखावा पर्यटकांना भुलवणारा. दुसरा आक्षेप खरा आहे, महाराजाला तर तो जास्तच लागू पडतो. पहिल्याचं उत्तर कंपनीनंच देऊन टाकलं. टाटांकडे परतल्यावर १० ऑगस्ट २०२३ रोजी 'द व्हिस्टा' हे नवं चिन्ह जाहीर झालं, ते सोनेरी खिडकीच्या चौकटीच्या टोकावरून घेतलेलं. पन्नास वर्षांची सजावट अखेर चिन्ह झाली. पण टोक उचललं आणि रांग सोडली! नव्या रंगसंगतीत खिडक्या उघड्या आहेत आणि झरोका ज्यानं कधी पाहिला नाही, त्याला ती सोनेरी तिरपी रेघ कशाची ते समजायला मार्ग नाही. त्यात विमान रंगवायचं म्हणजे ते हँगरमध्ये उभं करून जुना रंग उतरवणं आलं, आणि उभं विमान कमाई करत नाही. म्हणून रंगांतर एका दमात होत नाही. जुनी झरोकेवाली विमानं आणि नवी एकाच विमानतळावर शेजारी दिसत राहतात. त्या तुलनेत नवं विमान नीटनेटकं, पण कोणाचंही वाटतं. शेपटीचा रंग बदलला ते ठीक; खिडक्यांवरची लाल रेघ पुसायला नको होती.