फाउंटन्स ॲबी: लोकरीवर गब्बर झालेला मठ
इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या या अवशेषांचे फोटो बघताना सगळ्यांची नजर उंच मनोऱ्यावर जाते. माझी मात्र पश्चिमेकडच्या कोठारावर! जवळजवळ ९० मीटर लांब, मधोमध खांबांची एकच रांग, आणि कुठलाही नक्षीदार माथा नसलेल्या त्या खांबांतून थेट फुटणाऱ्या दगडी कमानी. एका भागात माल साठवायचा, दुसऱ्यात कामकरी बंधूंच्या पंगती बसायच्या.

११३२ मध्ये यॉर्कच्या सेंट मेरी मठातला सैल कारभार नकोसा झालेले १३ भिक्षू स्केल नदीकाठच्या रानात आले आणि पुढे सिस्टर्शियन पंथात सामील झाले. साधं राहा, अंगमेहनत करा, हा पंथाचा दंडक. गंमत बघा, त्या मेहनतीनेच मठ गडगंज झाला. मेंढ्या आणि शेती हे कामकरी बंधू सांभाळत. लोकर थेट इटालियन व्यापाऱ्यांकडे जाई.

तो मनोरा बराच उशिराचा, मठाधिपती मार्मड्यूक ह्यूबीच्या काळातला. सुरुवातीच्या भिक्षूंना असला थाट मुळीच खपला नसता. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १५३९ मध्ये, आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बंद पडला. पुढे इथलेच दगड नेऊन शेजारी फाउंटन्स हॉल हा वाडा बांधला गेला. तो अजून उभा आहे, छपरासकट!