सोळा नांवें आणि सोळा कामें

एखाद्या मोठ्या स्पर्धेसाठीं भारताचा हॉकी-संघ जाहीर झाला, कीं आपल्यांतील पुष्कळांच्या घरीं एक लहानशी निवडसमिति बसते. तिला कोणी नेमलेलें नसतें आणि तिच्या निर्णयाची नोंदही कोठें होत नाहीं. पण तिच्या बैठकींत जो आवेश असतो, तो खऱ्या समितीच्या बैठकींत तरी असेल कीं नाहीं, याची मला शंका आहे. आजोबांना जुने, कसलेले खेळाडू हवे असतात. नातवाच्या मतें तिशी उलटलेला प्रत्येक खेळाडू म्हणजे एका तरुणाची अडलेली वाट. काकांजवळ आंकडे तयार असतात. ते आंकड्यांखेरीज कांहींच मानीत नाहींत. वाद ऐन रंगांत आला असतां कोपऱ्यांत भाजी निवडीत बसलेल्या आजीबाई हळूच विचारतात, "अरे, पण हा आजारी पडला, तर ह्याचें काम कोण करणार?" ह्या प्रश्नाकडे बहुधा कोणी लक्ष देत नाहीं. आज मात्र मी आपलें लक्ष त्याच प्रश्नाकडे वेधणार आहें. कारण संघनिवडीचें सारें मर्म त्यांत सांठविलेलें आहे, असें मला वाटतें.

लग्नघरचा अनुभव आपणां सर्वांना आहे. पंगतीला वाढण्यासाठीं दहाजण उत्साहानें पुढें येतात. पण चुलीपाशीं बसणारा आचारी एकच असतो. तो आला नाहीं, तर दहा वाढपी असून पंगत उठत नाहीं. हॉकीचा संघही तसाच आहे. देशांतील सर्वांत चांगले सोळा खेळाडू एकत्र केले म्हणजे सर्वांत चांगला संघ झाला, असें होत नाहीं. संघ म्हणजे सोळा नांवें नव्हेत; सोळा कामें होत.

प्रथम ही सोळांची संख्या पाहूं. मैदानावर एका वेळीं अकरा खेळाडू असतात. खेळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत होतो. खेळाडू कितीही वेळां बाहेर बोलावतां येतो आणि पुन्हां आंतही धाडतां येतो. त्यामुळें 'अकरा मुख्य आणि बाकीचे राखीव' ही आपल्या वडिलांच्या वेळची वांटणी आतां उरलेली नाहीं. आघाडीचा खेळाडू कांहीं मिनिटें जिवाच्या आकांतानें धांवतो, बाहेर येऊन दम घेतो आणि पुन्हां आंत जातो. बहुतेक सर्वांनाच खेळावें लागतें. म्हणून सोळावें नांवसुद्धां शोभेचें नसतें.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठीं निवडलेला आपला संघ उदाहरणादाखल घेऊं. त्यांत पांच बचावाचे, पांच मधल्या फळीचे, पांच आघाडीचे आणि गोलरक्षक एकच, श्रीजेश, असे सोळाजण होते. कृष्ण पाठक हा दुसरा गोलरक्षक, मधल्या फळीचा नीलकांत शर्मा आणि बचाव खेळणारा जुगराज सिंग हे तिघे सोळांच्या बाहेर राखीव होते. जुगराज हा पेनल्टी कॉर्नरवर जोरकस फटका मारणारा खेळाडू. तो बाहेर कां, असा प्रश्न रसिकांना पडणें साहजिक होतें. पण त्याला आंत घ्यावयाचें म्हणजे कोणास तरी बाहेर काढावयाचें. बचावांतला एक कमी करावा, तर रोखणारे हात कमी होतात. आघाडींतला कमी करावा, तर उरलेल्या चौघांना अधिक धांवावें लागतें. घरच्या समितींत आपण सतरावें नांव सहज घालतों. खऱ्या समितीला सोळाव्या नांवावर काट मारल्याशिवाय तें घालतां येत नाहीं.

ह्या निवडीची परीक्षा ४ ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. उपान्त्यपूर्व सामना ग्रेट ब्रिटनशीं होता. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदास ह्या आपल्या बचावपटूला पंचांनीं लाल कार्ड दाखविलें आणि उरलेला सामना, म्हणजे सुमारें त्रेचाळीस मिनिटें, भारताला दहा खेळाडूंनिशीं खेळावा लागला. मनप्रीत सिंगसारखे मधल्या फळींतले खेळाडू मागें येऊन बचाव करूं लागले, आघाडीवाले मधली फळी सांभाळूं लागले आणि गोलांत श्रीजेश उभा राहिला. सामना १-१ असा बरोबरींत सुटला आणि शूटआउटमध्यें भारत ४-२ असा जिंकला. आजीबाईंच्या प्रश्नाचें हें प्रत्यक्ष उत्तर होतें: एकाचें काम दुसऱ्यानें अंगावर घेतलें.

पण तोच प्रश्न दोन दिवसांनीं पुन्हां उभा राहिला. रोहिदासला उपान्त्य सामन्यापुरती बंदी झाली आणि जर्मनीविरुद्ध भारताला पंधराजणांतच भागवावें लागलें. प्रतिपक्षाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, कीं गोलरेषेवरून सुटून चेंडूच्या रोखानें सर्वांच्या आधीं धांवत जाणारा जो गडी असतो, तें रोहिदासचें काम. तासाला शंभराहून अधिक किलोमीटर वेगानें येणाऱ्या चेंडूसमोर छाती घालण्याचें हें काम कोणीही हौसेनें मागून घेत नाहीं आणि धांवफलकावर तें दिसतही नाहीं. जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवरच झाला. रोहिदास असता तर तो टळला असता, असें म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. भारत ३-२ असा हरला, एवढें खरें. मग ८ ऑगस्टला स्पेनला २-१ असें हरवून आपण कांस्यपदक मिळविलें.

आतां काकांचे आंकडे घेऊं. कारण आंकडे खोटे नसतात, फक्त ते विचारल्याखेरीज बोलत नाहींत. पॅरिसमध्यें भारतानें आठ सामन्यांत पंधरा गोल केले. त्यांतले दहा एकट्या कर्णधार हरमनप्रीत सिंगचे, आणि तेही पेनल्टी कॉर्नर व पेनल्टी स्ट्रोक यांवरचे. राहिलेल्या पांचांपैकीं अभिषेकचे दोन, आणि मनदीप, विवेक सागर व सुखजीत यांचा प्रत्येकीं एक. हरमनप्रीतचें कौतुक करावें तितकें थोडेंच. पण संघाचा विचार करणारानें हाच आंकडा उलट बाजूनेंही वाचला पाहिजे. एका मनुष्याच्या मनगटावर दोनतृतीयांश गोल अवलंबून असतील, तर त्याला विश्रांति द्यावयाची वेळ आल्यास काय होणार? दुसरी गोष्ट: जे कॉर्नर तो गोलांत घालतो, ते मिळवून देणारे कोण? आघाडीचा खेळाडू वर्तुळांत घुसतो, प्रतिपक्षाला चुका करण्यास भाग पाडतो आणि कॉर्नर मिळवितो. त्याच्या नांवापुढें गोल लागत नाहीं, म्हणून घरच्या समितींत त्याला वगळण्याची सूचना सर्वांत आधीं येते.

जुन्या काळींही हाच धडा मिळालेला आहे. १९३६ सालीं बर्लिनला गेलेल्या संघाचे कर्णधार साक्षात् ध्यानचंद होते. तरीही तेथें पोंचल्यावर सराव सामन्यांत जर्मनांनीं आपल्याला ४-१ असें हरविलें. आघाडीच्या फळींत उजव्या बाजूची आंतली जागा लंगडी पडते, हें तेव्हां ध्यानांत आलें. जगांतला सर्वश्रेष्ठ खेळाडू मधोमध उभा असूनही शेजारची एक जागा रिकामी राहिली, कीं सारी फळी विसकटते. अखेर हिंदुस्थानांतून दारा याला विमानानें बोलावून घेण्यांत आलें. तो उपान्त्य सामन्यास येऊन मिळाला, आणि अंतिम सामन्यांत त्याच जर्मनांवर भारतानें ८-१ असा विजय मिळविला. दारा ध्यानचंदांहून मोठा होता म्हणून त्याला बोलावलें नाहीं. त्याचें काम करणारा दुसरा तेथें नव्हता म्हणून बोलावलें.

१९४८ चें लंडन ऑलिंपिक हें स्वतंत्र भारताचें पहिलें. त्या संघांत मुंबईचे बरेच खेळाडू होते आणि गोलरक्षण करणारा लिओ पिंटोही मुंबईचाच. बलबीर सिंग ह्या तरुणानें अर्जेंटिनाविरुद्ध सहा गोल केले. आणि तरीसुद्धां उपान्त्य सामन्यांत तो बाहेर होता. अंतिम सामन्यांत त्याला घेतलें, आणि त्यानें पहिले दोन गोल करून ब्रिटनवरील ४-० ह्या विजयाचा पाया घातला. सहा गोल करणाराही बाहेर बसतो, हें पाहून आज आपणांस नवल वाटतें. पण ज्या संघांत एकेका जागेसाठीं दोन-दोन समर्थ माणसें आहेत, तेथेंच असा पेंच पडतो. तो श्रीमंतीचा पेंच आहे.

उलट बाजूचें उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचें आहे. १९९८ च्या डिसेंबरांत बँकॉकच्या आशियाई स्पर्धेंत पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्लै याच्या नेतृत्वाखालीं भारतानें बत्तीस वर्षांनीं सुवर्णपदक जिंकलें. देशभर आनंद झाला. आणि लागलीच पुढच्या संघांतून धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडूंचीं नांवें गळालीं. त्यांना विश्रांति दिली, असें कारण सांगण्यांत आलें. तरुणांना संधि मिळावी, हें तत्त्व खोटें नाहीं. परंतु जुना गडी नव्याच्या शेजारीं उभा राहून त्याला जें शिकवितो, तें कोणत्याही शिबिरांत शिकतां येत नाहीं. सगळे वडीलधारे एकदम उठून गेले, तर घर मोकळें होतें खरें, पण तें चालवावयाचें कसें हें सांगणारा कोणी उरत नाहीं.

मग भविष्याचा विचार कसा करावा? तो केवळ शेवटच्या सामन्यावरून करूं नये. २०२५ च्या जूनमध्यें यूरोपांत भारत ओळीनें सात सामने हरला, तेव्हां 'हा संघ संपला' असें म्हणणारे आपल्यांत कमी नव्हते. पुढें तीन महिन्यांच्या आंत राजगीर येथें कोरियाला ४-१ असें हरवून भारतानें आशिया चषक जिंकला आणि २०२६ च्या विश्वचषकांतील प्रवेशही मिळविला. जूनमधली निराशा जितकी उतावीळ होती, तितकाच सप्टेंबरमधला जयघोषही उतावीळ होता.

संघाचें भविष्य पाहावयाचें, तर मीं दोन साध्या गोष्टी सुचवीन. पहिली, वयाचा हिशेब. हरमनप्रीतचा जन्म १९९६ चा. २०२८ च्या लॉस एंजल्स ऑलिंपिकच्या वेळीं तो बत्तीस वर्षांचा होईल. मनप्रीतचा जन्म १९९२ चा. त्याचें वय तेव्हां छत्तीस भरेल. विवेक सागर २००० सालचा. म्हणजे अठ्ठाविसांचा, ऐन भरांतला. कोणती जागा केव्हां रिकामी होणार, हें एवढ्या हिशेबावरून आधींच कळतें.

दुसरी गोष्ट, कुमारांच्या संघाकडे लक्ष. २०१६ च्या डिसेंबरांत लखनौला कुमारांचा विश्वचषक आपण जिंकला. त्या संघांतले हरमनप्रीत, मनदीप, गुरजंत आणि सुमित हे चौघे आठ वर्षांनीं पॅरिसच्या सोळांत होते. राखीव गोलरक्षक म्हणून बसलेला कृष्ण पाठक हाही त्याच कुमार-संघांतला. श्रीजेशच्या सावलींत त्यानें वर्षानुवर्षें वाट पाहिली. पॅरिसनंतर श्रीजेशनें निरोप घेतला, तेव्हां ती जागा घेण्यास पाठक तयार होता. २०२५ च्या आशिया चषकांत त्याच्या जोडीला मुंबईचा सूरज करकेरा होता. आणि श्रीजेश? तो कुमारांचा शिक्षक झाला. २०२५ च्या डिसेंबरांत त्याच्या हाताखालच्या मुलांनीं अर्जेंटिनाला ४-२ असें हरवून कुमार-विश्वचषकाचें कांस्यपदक मिळविलें. जाणारा आपली जागा भरून जातो, तो हा असा.

पण आपण ज्या नांवांवर इतक्या सहज काट मारतों, त्या प्रत्येकामागें एक मनुष्य असतो, हें विसरतां कामा नये. ऑलिंपिक चार वर्षांनीं येतें. खेळाडूचें उमेदीचें वय दहा-बारा वर्षांचें. त्यांत अशा संधी येऊन-जाऊन दोन किंवा तीन. सतराव्या क्रमांकावर राहिलेल्या मुलानें पहांटेच्या काळोखांत केलेली मेहनत सोळाव्याइतकीच असते. चर्चा अवश्य करावी. ज्या खेळाविषयीं घराघरांत वाद होत नाहीं, तो खेळ लोकांच्या मनांतून उतरला असें समजावें. २००८ सालीं भारत ऑलिंपिकला पात्रच ठरला नाहीं आणि २०१२ सालीं लंडनला बारांत बारावा आला. त्या दिवसांत हॉकीवर भांडणारीं घरेंही कमी झालीं होतीं. आज पुन्हां वाद होतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

तेव्हां पुढच्या खेपेस यादी हातीं येईल, त्या वेळीं 'हा कां नाहीं?' असें विचारण्यापूर्वीं प्रत्येक नांवापुढें तीन प्रश्न मांडून पाहावे. ह्याचें काम कोणतें? हा नसला, तर तें कोण करील? आणि हा गेल्यावर करणारा आज कोठें तयार होत आहे? तिन्ही उत्तरें मिळालीं, तर यादी बरी आहे, असें समजण्यास हरकत नाहीं. न मिळालीं, तर वाद जरूर घालावा. फक्त त्या वादांत भाजी निवडणाऱ्या आजीबाईंना पहिल्यानें बोलूं द्यावें.